पावसाळाभर उभी राहिलेली जीप चालू होत नाही: पंप उतरवण्याआधी काय बघाल

तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. मामांची महिंद्रा एमएम ५४०, डिझेल, चंदगडकडच्या काजूच्या बागेत पत्र्याच्या शेडमध्ये असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती स्वतःच्या इंजिनावर शेडमध्ये जाऊन उभी राहिली. दसऱ्याला धुऊन पूजेला काढायची म्हणून चावी फिरवली, तर बॅटरी मेलेली. नवी आणलीत. आता कधी नुसतं ‘टक’ होतं, कधी सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) रडत-रडत दोन-चार फेरे मारतो, पण इंजिन पकडत नाही. चौघांनी उतारावर ढकलून दुसऱ्या गिअरला सोडली, तरी नाही. गावातला मेकॅनिक म्हणतो पंप (इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा) गेला, उतरवून बेळगावला पंपवाल्याकडे न्यावा लागेल. शेजारी म्हणतात सेल्फ भरून घ्या, म्हणजे आतलं तारांचं वेटोळं नव्याने गुंडाळून घ्या. आता कोणाचं ऐकायचं?

सध्या कोणाचंच नका ऐकू. आधी गाडीला विचारू.

मी पाटणच्या वरच्या अंगाला जीप, पिकअप आणि ट्रॅक्टरचीच कामं करतो, अठ्ठावीस वर्षं झाली. दसरा ते दिवाळी हा आमच्याकडे उभ्या गाड्यांचा सीझन असतो. चार महिने कोयनेचा पाऊस अंगावर घेतलेल्या पाच-सहा जीपगाड्या दरवर्षी कुणाच्या तरी ट्रॅक्टरमागे दोरीने बांधून येतात, आणि प्रत्येकाचा मालक ‘पंप गेला’ म्हणतच उतरतो. त्यातल्या एखाद्याच गाडीचा पंप खरोखर गेलेला असतो. याचं कारण सोपं आहे. जूनमध्ये नीट चालणाऱ्या गाडीचा पंप शेडमध्ये उभ्या-उभ्या झिजत नाही. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल झिजत नाहीत, पिस्टनच्या रिंगा झिजत नाहीत. उभ्या गाडीत होतं ते वेगळंच: लोखंड गंजतं, तांब्यावर हिरवं चढतं, रबर सुकतं, पाइपातलं डिझेल मागे टाकीत उतरतं, तारा जागच्या जागी अडकतात आणि उंदीर संसार थाटतात. शोध तिथूनच सुरू करायचा.

दुसरी गोष्ट, तुमच्या गाडीत मला एक नाही, दोन तक्रारी दिसतायत. ‘टक होऊन थांबतं’ किंवा ‘रडत फिरतं’ ही विजेची तक्रार. ‘फिरतं पण पकडत नाही’ ही डिझेलची. तुमचा मेकॅनिक दुसरी बघून पंप म्हणतोय, शेजारी पहिली बघून सेल्फ म्हणतायत, आणि दोघंही अर्धेच बरोबर असू शकतात. ढकलूनही पकडली नाही हा मोठा पुरावा आहे. नुसती बॅटरी किंवा सेल्फचंच दुखणं असतं, तर चांगल्या उतारावर दुसऱ्या गिअरला तिने निदान दोन धक्के दिले असते.

ढकलण्याबद्दल मात्र एक विचारतो. फोर बाय फोरचा छोटा लिव्हर तेव्हा न्यूट्रलला तर नव्हता? ट्रान्सफर केस (त्या लिव्हरखालची, चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) न्यूट्रलला असेल तर गिअर कुठलाही टाका, चाकं इंजिनाला फिरवतच नाहीत. घरंगळत खाली जाते आणि सगळे म्हणतात इंजिन मेलं. ओल्या मातीवर मागची चाकं नुसती घसरत जातात, तेव्हा फोर हायला टाकून ढकलायची. तुम्ही याची खात्री केली असेल असं धरून पुढे जातो.

या उत्तराचा बराच भाग तुमच्या बॉनेटखाली नेमकं काय आहे त्यावर अवलंबून आहे. एमएम ५४० ला मुळात प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन यायचं. पण इतक्या वर्षांत किती जणांनी ते काढून डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन बसवलंय याला गणती नाही. एक्सडीपी असेल तर हीटर (सिलिंडरमधली हवा तापवणारे ग्लो प्लग) महत्त्वाचे, डीआय असेल तर आपल्या हवेत हीटरवाचूनही ते चालू व्हायला हवं. दोन्हीत पंप मेकॅनिकल, त्यामुळे खालचं बहुतेक सगळं लागू पडेल. कॉमन रेलच्या (संगणकाने डिझेल सोडणाऱ्या) नव्या गाडीचं शास्त्र निराळं, त्याबद्दल शेवटाकडे लिहितो.

चावीला हात लावण्याआधी दोन मिनिटं बॉनेटखाली घाला. एअर फिल्टर उघडा. गवत, काथ्या, काजूची टरफलं असा उंदराचा ऐवज निघाला तर बाहेर काढा आणि त्याच्या आसपासच्या वायरी बोटाने चाचपा, कुरतडलेली वायर डोळ्याआधी बोटाला कळते. डिपस्टिक काढा. ऑइल चहाच्या रंगाचं झालं असेल तर आत पाणी गेलंय. पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर फिडपंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) पडदा फाटून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. दोन्ही वेळी इंजिन फिरवायचं नाही.

तुमची जीप चालत शेडमध्ये गेली होती, म्हणून पुढचं तुम्हाला बहुधा लागू नाही, पण ओढ्यात बंद पडलेल्या गाड्यांचे मालकही हे वाचतील म्हणून लिहितो. गाडी पाण्यात असताना बंद पडली असेल तर पुन्हा सेल्फ मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पेलाभर पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टन वर जाऊन त्या पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून चालू करायचा प्रयत्न तर त्याहून वाईट, कारण गाडीचं सगळं वजन त्या रॉडवर येतं. फिल्टर ओला दिसला की नोझल किंवा हीटर काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर पडू द्या, ऑइल बदला, मग पुढचं. एवढ्याने इंजिन वाचतं. मी वाकलेले रॉड काढले आहेत, आणि दर वेळी मालक सांगतो, ‘फक्त एकदाच मारला होता सेल्फ.’

तुमच्या बाबतीत गाडी न्यूट्रलला टाकून क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या पुढचं, पट्टा फिरवणारं खालचं चाक) नटाला सॉकेट लावा आणि हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. प्रत्येक कॉम्प्रेशनला (हवा दाबली जाताना) जड जाईल, पण हळूहळू ओढलं की हवा सुटून इंजिन पुढे सरकेल. दोन फेरे निघाले म्हणजे आतलं काही जाम नाही, आणि तुमची निम्मी काळजी मिटली.

आता वीज. नवी बॅटरी म्हणजे भरलेली बॅटरी नव्हे. दुकानाच्या फळीवर कित्येक महिने पडलेली बॅटरीही ‘नवी’ म्हणूनच विकली जाते. शिवाय तुम्ही चार-पाच दिवस तिच्यावर सेल्फ मारताय आणि गाडी चालू न झाल्यामुळे ती परत भरलेली नाही. दोन-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घ्या, तो या गाडीवर दहा वेळा वसूल होईल. हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा, मग मोजा. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला लावा, पुढचं उद्या.

भरलेल्या बॅटरीवर मल्टिमीटरचे काटे तसेच धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. खरं उत्तर इथे मिळतं, कारण बिनओझ्याची कोणतीही बॅटरी चांगली दिसते. सेल्फ मारताना आकडा साधारण १० च्या आसपास राहिला आणि इंजिन झपाझप फिरलं, तर विजेचा विषय संपला. आकडा ९.६ च्याही खाली बसला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ आतून घासत जास्त करंट खातोय. आणि ‘टक’ होऊनही आकडा १२ च्या वरच राहिला, तर बॅटरीतून करंट बाहेर पडतच नाही. म्हणजे वाटेत कुठेतरी दार बंद आहे, टर्मिनलवर, अर्थिंगला (बॅटरीचा मायनस चेसिस-इंजिनाला जोडणारी पट्टी), सोलेनॉइडच्या (सेल्फवरचा विजेचा स्विच) कॉन्टॅक्टवर नाहीतर सेल्फमधल्या कार्बनवर. अशा वेळी तिसरी बॅटरी आणूनही काही होत नाही.

माझा पहिला संशय अर्थिंगवर आहे. डिझेलचा सेल्फ दोनशे-अडीचशे अँपिअर सहज ओढतो. हा करंट जसा प्लसच्या जाड केबलमधून जातो, तसाच तो इंजिनावरून बॅटरीच्या मायनसला परतही यावा लागतो. वाटेत एका ओमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा आला, तरी अडीचशे अँपिअरला अडीच व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. बारातले अडीच गेले की सेल्फ रडणारच. आणि एवढा अडथळा व्हायला चार महिन्यांचा दमट गंज पुरतो.

काही वर्षांपूर्वी एक जीप आली, लग्नसराईच्या आधी मालकाने सुंदर रंगवून घेतलेली. रंगकामानंतर सेल्फ मंद झाला. त्याने बॅटरी बदलली, मग सेल्फचं आर्मेचर (आतला फिरणारा भाग) भरून घेतलं, मग दुसरी बॅटरी. माझ्याकडे आली तेव्हा मी बॉनेट उघडून वाकलो आणि एका माणसाला सेल्फ मारायला लावला. चार-पाच सेकंदांत जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. धुराची बारीक रेघ निघत होती ॲक्सिलरेटरच्या केबलमधून. हात लावला तर चटका बसला, वरचं आवरण मऊ होऊन लोंबत होतं. पेंटरने चेसिसवर अर्थिंग बसायची जागा मन लावून रंगवली होती आणि पट्टी त्या रंगावर घट्ट आवळली होती. रंगातून वीज जाईना, तेव्हा अडीचशे अँपिअरने ॲक्सिलरेटरच्या तारेतून घर गाठलं. पॉलिश पेपरचा एक तुकडा, एक नवा वॉशर आणि वर थोडं ग्रीस, एवढ्यात काम झालं. बाकी सगळे पैसे त्याने आधीच उधळले होते.

तुम्हाला हे तपासायला काही खोलावं लागत नाही. जंप केबलची एक वायर बॅटरीच्या मायनस खांबावरून थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा, शक्यतो सेल्फच्याच बोल्टला. आता सेल्फ मारा. फिरण्यात फरक पडला तर अर्थिंग दोषी. मल्टिमीटरने बघायचं असेल तर एक काटा मायनसच्या शिशाच्या खांबावर, दुसरा इंजिनावर, आणि सेल्फ मारताना आकडा ०.३ व्होल्टच्या आत राहायला हवा. तसंच प्लसचा खांब आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यामध्ये, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. काटा क्लॅम्पवर नाही, खांबावरच टेकवा, कारण बऱ्याचदा अडथळा खांब आणि क्लॅम्प यांच्या मधल्या पांढऱ्या भुकटीतच असतो. ती भुकटी गरम पाणी आणि खायचा सोडा टाकून धुवा, आणि मग क्लॅम्प आतून घासा. वरून घासून काही उपयोग नाही.

अर्थिंग आणि टर्मिनल चोख करूनही ‘टक’ एकदाच होऊन शांतता असेल, तर सेल्फमध्ये जा. ‘टक-टक-टक-टक’ अशी माळ लागली तर अजूनही व्होल्टेजच कमी पडतंय, कारण सोलेनॉइड ओढला जातो पण धरून राहत नाही. एकच ‘टक’ आणि हेडलाइट तसेच प्रखर राहिले, तर बहुधा कार्बन घरात अडकलेत किंवा आर्मेचरच्या तांब्यावर हिरवं चढलंय. दमट शेडमध्ये हे नेहमीचं. एकाने चावी धरावी, दुसऱ्याने सेल्फच्या अंगावर पान्याच्या मुठीने हलके दोन टोले द्यावेत. फिरला तर निदान झालं, इलाज नाही. सेल्फ उतरवून कार्बन बघा, तांबं साफ करा, बुश बदला. शेजारी ‘भरून घ्या’ म्हणतात ते वाइंडिंग जळलं असेल तरच, आणि जळलेल्या वाइंडिंगचा वास लपत नाही. घर्र करून सेल्फ नुसता एकटाच फिरला आणि इंजिन हललं नाही, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनाशी जोडणारं दातेरी चाक. ‘टक’ देखील नसेल तर चावीचा स्विच, रिले आणि सोलेनॉइडची बारीक वायर, तुमचा प्रकार तो नाही.

सेल्फचं आधी का, तर डिझेल इंजिनात ठिणगी नसते. जुन्या एक्सडीपीसारख्या इंजिनात हवा वीस-बावीस पटीने दाबून तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. सेल्फ मंद फिरला तर दाबलेली हवा रिंगांजवळून निसटते, उष्णता सिलिंडरच्या भिंती खातात, आणि पंप, नोझल, हीटर सगळं चांगलं असूनही इंजिन पकडत नाही. रडणाऱ्या सेल्फवर डिझेलचं निदान करायला बसणं म्हणजे ओल्या काडीने चूल पेटवत बसणं.

आता सेल्फ झपाझप फिरतोय असं धरू. तरीही पकडत नाही. मग एकाला सायलेन्सरच्या तोंडाशी उभं करा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. मागून पांढरट धूर आला, डोळ्यांना झोंबणारा, तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. हीटर, कॉम्प्रेशन किंवा टायमिंग (डिझेल सुटण्याची वेळ). धूर अजिबात नाही, तर डिझेल पोचतच नाही. दहा सेकंदांच्या वर मात्र ताणू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर चांगला सेल्फ जळेल.

माझा अंदाज असा की तुमच्याकडे धूर नसणार. आणि इथे मी तुम्हाला एकच प्रश्न विचारतो: जूनमध्ये त्या गाडीला शेवटचा हात कशाला लावला होता?

या जुन्या डिझेल गाड्या बऱ्याचदा चावीने बंद होत नाहीत. डॅशबोर्डखालचा स्टॉपचा नॉब ओढायचा, मग पंपावरचा लिव्हर बंदच्या बाजूला जातो आणि डिझेल तुटतं. म्हणजे शेवटचा हात त्या नॉबला लागला होता. मग चार महिने पाऊस. तार आवरणाच्या आत गंजली, ओढलेल्या जागीच धरली. आता तुम्ही नॉब आत ढकलता, तो आत जातोही, पण बारीक तार ढकलल्यावर लिव्हर हलत नाही, ती मध्येच वाकते. डॅशवर सगळं ठीक, पंपावर अजून ‘बंद’. सेल्फ मारा, ढकला, ईथर (चटकन पेटणारा स्प्रे) फवारा, पंपाला डिझेल सोडायची परवानगीच नाही. पंप उतरवून पंपवाल्याकडे टेबलावर लावला की मस्त चालतो, कारण तिथे ती तार नसते. असा फुकटचा फेरा झालेले लोक मी बघितले आहेत.

म्हणून बॉनेट उघडून पंपाकडे बघत उभे राहा, आत बसलेल्याला नॉब दोनदा ओढून ढकलायला सांगा. लिव्हर पूर्ण जागेवर येतो का? शंका वाटली तर तारेचा स्क्रू सोडा आणि लिव्हर बोटाने चालूच्या बाजूला ढकलून धरा. तुमच्या गाडीला तारेऐवजी पंपावर सोलेनॉइड असेल, तर चावी ऑन करताच तिथून बारीक ‘टिक’ यायला हवी. नाही आली तर त्याच्या वायरवर टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागत नसेल तर वायर, फ्यूज किंवा उंदीर. दिवा लागतो पण टिक नाही, तर सोलेनॉइड. यातलं कुठलंच काम पाच मिनिटांच्या वरचं नाही आणि पंप जागचा हलवावा लागत नाही.

लिव्हर ठीक निघाला तर दुसरा नंबर एअरचा, म्हणजे डिझेलच्या पाइपात शिरलेल्या हवेचा. टाकी ते फिडपंप हा पाइप ओढीवर चालतो. त्याला बारीक चीर असेल किंवा रबर सुकलं असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून ‘कुठेच थेंब नाही’ हा पुरावा होत नाही. आधी वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू सोडून बाटलीत थोडं डिझेल काढा. खाली पाण्याचा थर किंवा काळी शेवाळासारखी घाण दिसली, तर टाकी साफ करण्याला पर्याय नाही. अर्धी टाकी पावसाळ्यात उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं. मग फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा स्क्रू सैल करून फिडपंपाचा हात (छोटा दांडा) मारत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग आलं की हात मारता-मारताच स्क्रू आवळा. पंपावर वेगळा स्क्रू असेल तर तिथेही तेच. शेवटी दोन नोझलचे पाइपनट नोझलच्या बाजूने अर्धा फेरा सैल करा, बहुतेक ठिकाणी १७ चा पाना बसतो, आणि सेल्फ मारा. तिथून डिझेलच्या पिचकाऱ्या आल्या की नट आवळा. तोंड आणि हात लांब ठेवा, नोझलचा फवारा कातडीखाली शिरतो.

इतकं करून चालू होते आणि मिनिटाभरात पुन्हा मरते, तर वेगळा डबा लावा. पाच लिटरच्या स्वच्छ डब्यात डिझेल भरून तो बॉनेटच्या वर टांगा, नळी सरळ फिडपंपाच्या तोंडाला. याच्यावर गाडी तासभर चालली तर दोष टाकी ते फिडपंप एवढ्यातच आहे. टाकीच्या झाकणाचं बारीक भोकही बघा, कुंभारीण माशीने त्यात चिखलाचं घर केलं की टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल यायचं थांबतं. झाकण सैल करताच ‘फुस्स’ झालं म्हणजे हेच.

पांढरा धूर येत असेल तर हीटर एकेक काढून थेट बॅटरीवर पकडीत धरून बघा. काही सेकंदांत टोक लाल झालं पाहिजे. ईथरचा स्प्रे आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणं हे दोन्ही माझ्या वस्तादाच्या काळातले जुगाड. हीटर गरम असताना ईथर मारला तर तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टन फोडतो. मी दोन्ही सोडून दिलेत.

मग पंप कधी उतरवायचा? लिव्हर जागेवर आहे, फिल्टरपर्यंत सलग डिझेल आहे, सेल्फ जोरात फिरतोय, आणि सैल केलेल्या पाइपनटांतून काहीच येत नाही, तेव्हा. पंपाच्या आत जुनं डिझेल चिकट होऊन भाग अडकू शकतात, तुमचा मेकॅनिक याच अनुभवावरून बोलत असेल. फक्त त्याने ही पायरी चढून मग बोलावं एवढंच माझं म्हणणं. त्याला नम्रपणे विचारा, ‘पाइपनट सैल करून बघितले का?’ हो म्हणाला तर तो जाणकार आहे, त्याचं ऐका.

नव्या कॉमन रेलच्या गाडीवाल्यांनी यातलं विजेचं सगळं करावं, डिझेलचं नाही. तिथे रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, पाइपनट कधीही सैल करायचा नाही. डॅशवर चावीची किंवा कुलपाची खूण लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावून बघा, आणि पुढे स्कॅनरवाल्याकडे. पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर ती गाडी ढकलूनही चालू होत नाही, तिच्या संगणकाला आधी वीज लागते.

तुम्ही शनिवारी बागेत जाणार म्हणालात. जाताना मल्टिमीटर, जंप केबल, पॉलिश पेपर, १० ते १९ चे पाने, पाच लिटर ताजं डिझेल आणि एक मीटर नळी न्या. आधी सेल्फ मारतानाचा व्होल्ट, मग इंजिन ते मायनसचा आकडा, मग स्टॉपचा लिव्हर, मग धूर. पहिले दोन आकडे आणि धुराचा रंग मला कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.

आणि चालू झालीच, तर लगेच बाहेर काढू नका. पाच मिनिटं जागेवर चालू द्या, ऑइलचा दिवा विझला का बघा. क्लच दाबूनही गिअर पडताना कर्रर्र होत असेल तर ओलीने क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलीय. जबरदस्ती करू नका. इंजिन गरम होऊ द्या, बंद करा, पहिला गिअर टाका, समोर भिंत किंवा माणूस नाही याची खात्री करा, क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा. एक झटका बसून प्लेट सुटते. तुमची ढकलल्यावर हलली, पण ज्यांची हँडब्रेकवर उभी राहिली असेल त्यांचे मागचे ब्रेक ड्रमही धरलेले असू शकतात, ते हातोड्याच्या टोल्याने सुटतात.